दर्याबाबा आणि दगडी दांडा

गर्दी इतकी होती की वाळू दिसत नव्हती. बायका, बाप्ये, कडेवरची पोरं, शहरातून बस करून आलेले पाहुणे, आणि सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर दर्याबाबा. खुर्ची प्लास्टिकची होती. तिच्यावर पांढरी चादर टाकली की तिला आसन म्हणायचं, असं ठरलेलं होतं.

"हा खांब बघा," बाबाने काठीने दाखवलं. "या खांबाला तुम्ही होड्या बांधत होतात की नव्हतात?"

"बांधत होतो!"

"गुडघाभर पाणी होतं की नव्हतं?"

"होतं, होतं!"

"आणि आज?"

लोकांनी माना वळवून पाहिलं, जणू खांब त्यांनी आजच पाहिला. तो कोरड्या वाळूत उभा होता. त्याला कोणीतरी शेळी बांधली होती. समुद्र पार पलीकडे, गुमान पडून.

"ओहोटी रोज येते. ती मी आणत नाही," बाबा म्हणाला. "ओहोटी आणतो म्हणणारे भोंदू वेगळे. मी समुद्राची हद्द हलवतो. मी बसतो, तो उठतो!"

लोकांना हुंदके फुटले. शहरातल्या एका पाहुण्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"बसायला काय अक्कल लागते?" दांड्याच्या दगडावर हाताची घडी घालून उभी असलेली आत्याबाई म्हणाली. हळू बोलणं तिला येतच नव्हतं, त्यामुळे अर्ध्या गर्दीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आत्याबाई म्हणजे जाळ्यांच्या शेडची मालकीण. शाळा तिने सही करता येईपर्यंत केली आणि सोडली. नवरा गेल्यावर शेड तिने चालवली, पोरगा तिने वाढवला, आणि वस्तीतल्या निम्म्या बायका तिच्या हाताखाली जाळ्याची गाठ मारायला शिकल्या. ती कोणाची आत्या होती हे आता कोणाला आठवत नव्हतं. पण तिला नुसतं नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती.

दांडा म्हणजे किनाऱ्यापासून सरळ समुद्रात शिरलेली मोठमोठ्या दगडांची रांग. बंदर खात्याने किनारा वाचवायला घातलेली. खात्याच्या कागदावर तिला ग्रॉइन म्हणतात, वस्तीत दांडा. असे बरेच दांडे ओळीने घालायचे ठरले होते. खात्याने एक घातला आणि खातं झोपी गेलं. त्या एका दांड्याने किनाऱ्याचे दोन भाग झाले. दांड्याच्या वरच्या अंगाला वाळू चढत चालली, खालच्या अंगाला किनारा खचत चालला. आत्याबाईचं घर आणि शेड खालच्या अंगाला. जाळी वाळत घालायचं अंगण आधी गेलं. मग माड गेले. मग एका उधाणात मोरीची भिंत मागच्या मागे आडवी झाली.

दांड्याचा शेवटचा दगड बसला आणि थोड्याच दिवसांत बाबा उगवला. एवढा लांबलचक किनारा, पण याला बसायला जागा आवडली ती दांड्याला चिकटून, नेमकी वरच्या अंगाची.

वस्तीतल्या माणसांना पाण्यातलं सगळं कळायचं. कुठल्या वाऱ्याला कोणती मासळी, कुठल्या तिथीला किती पाणी, ढगाच्या रंगावरून सांगायचे. पण वाळूकडे कोणी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. वाळू म्हणजे पायाखाली असते ती, झटकायची आणि घरात शिरायचं. ती चालते, गाव सोडून जाते, अडवली तर थांबते, हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. म्हणून खांब कोरडा पडला तेव्हा सगळ्यांनी समुद्र मागे गेला म्हणून तोंडात बोटं घातली. वाळू पुढे आली, हे म्हणायला एकाचीही जीभ वळली नाही.

एके दिवशी सकाळी बर्फाच्या कारखान्याचा मालक शेडमध्ये आला. बाबाचा उजवा हात. हात जोडूनच आला, म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं होतं.

"आत्याबाई, राग मानू नका. बाबांनी ध्यानात पाहिलं. खालच्या बाजूला समुद्र का खवळलाय ते."

"का खवळलाय?"

"तिथे एक घर आहे, म्हणाले. त्या घराने मान वाकवली नाही. ते घर रिकामं झालं की समुद्र शांत होईल."

शेडमधल्या बायकांचे हात थांबले.

"घराचं नाव घेतलं की नुसता पत्ता दिला?" आत्याबाईने विचारलं.

"नाव कशाला घ्यायला हवं? आणि दुसरं. खात्याचा साहेब येतोय. खालच्या बाजूला आणखी दांडे घालायचे, मधे वाळू भरायची म्हणतात. त्याला वस्तीने हात वर करून संमती द्यायची आहे. बाबा म्हणतात, समुद्राला दगड खपत नाहीत. वस्ती नाही म्हणणार. साहेब परत गेला की लोक येऊन तुमचं सामान बाहेर काढायला मदत करतील. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"किती रे जीव तुटतो तुमचा," आत्याबाई म्हणाली. "तुझ्या कारखान्यातला बर्फ दुपारपर्यंत तरी टिकतो. तुझी अक्कल बाबाने तोंड उघडलं की वितळते. चालता हो, पायाखालचं जाळं सांभाळून. अडकलास तर मला कापावं लागेल, आणि जाळं चांगलं आहे."

तो गेला. पण आत्याबाई हिशेबात कच्ची नव्हती. वस्तीने दांड्यांना नाही म्हटलं तर समुद्र घर नेणार. म्हणजे समुद्राने नाही नेलं तर लोक नेणार, आणि लोकांनी नाही नेलं तर समुद्र. आणि बाबाला नवे दांडे का नकोत हेही तिला उमगत होतं. खालची बाजू दगडाने भरली, तर याच्या बसण्याला कोण विचारतो?

घरी मुलगा तोंड पाडून बसला होता. "आई, मी म्हणतो, आपण वरच्या आळीत भाड्याने खोली बघू."

"तू म्हणतोस? तू कधीपासून म्हणायला लागलास?"

"सगळी वस्ती एका बाजूला झालीय..."

"सगळी वस्ती विहिरीत उडी मारायला निघाली तर तू काय नेणार, दोरी की टॉवेल?"

सून हसली. सून शाळेत शिकवायची. आत्याबाईचं तिच्याशी फार सख्य नव्हतं. हिला जाळ्याची साधी गाठ येत नाही आणि बोलायला लागली की घरातच फळा दिसतो, अशी तिची तक्रार होती. पण त्या दिवशी सून म्हणाली, "अहो आई, मला मोरीची भिंत द्या."

"भिंत?"

"पडलेल्या विटा. मला त्या कुटून हव्यात. वाळूएवढ्या बारीक."

शेडमधल्या बायकांनी विटा कुटल्या, चाळणीने चाळल्या. लाल चुऱ्याची पोती भरली. सुनेने ती हातगाडीवर घालून पार वरच्या टोकाला नेली, जिथे नाला समुद्राला मिळतो, आणि पाण्याच्या काठावर ओतली. बाबाच्या खुर्चीपासून ती जागा बरीच लांब.

"आता?" आत्याबाईने विचारलं.

"आता बघत राहायचं. आपल्याकडे लाट सरळ येत नाही, आई. वाऱ्याबरोबर तिरकी येते. वाळू घेऊन तिरकी वर चढते. पण परतताना उतारावरून सरळ खाली जाते. पुन्हा येते तिरकी, पुन्हा जाते सरळ. प्रत्येक वेळी वाळूचा कण थोडा पुढे सरकतो."

आत्याबाई पाण्याकडे बघत राहिली. एक लाट तिरकी चढली, सरळ उतरली. दुसरी तिरकी चढली, सरळ उतरली.

"हा तर हेमटाका आहे," ती म्हणाली. "सुई तिरकी घालायची, सरळ ओढायची, आणि शिवण पुढे चालते."

"हो!" सून म्हणाली. "आणि मधे दांडा आला की शिवण तिथे थांबते. सगळी वाळू वरच्या अंगाला साठते. खालच्या अंगाला येणारी वाळू बंद. पण तिथली वाळू मात्र पुढे जातच राहते. येणं नाही, नुसतं जाणं."

"म्हणजे आमचं अंगण खालच्या गावाकडे चालत गेलं, आणि त्याच्या जागी यायची ती वाळू त्या मेल्याच्या खुर्चीखाली बसली आहे!"

आठवडाभरात लाल पट्टा सरकत सरकत आला. आधी नाल्याच्या अलीकडे, मग होड्यांच्या शेजारी, आणि शेवटी थेट बाबाच्या पायाशी. दांड्याला टेकून लाल वाळूची रेघ उभी राहिली. दांड्याच्या पलीकडे, आत्याबाईच्या बाजूला, लालीचा ठिपकाही नव्हता.

सून आनंदाने लोकांना दाखवायला गेली आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आली.

"काय झालं?"

"बाबा म्हणाला, समुद्राने काळजाचं रक्त काढून माझ्या पायाशी ओतलं. लोक लोटांगण घालतायत, आई. लाल वाळूच्या पुड्या बांधून घरी नेतायत. पोटदुखीवर गुणकारी आहे म्हणे."

आत्याबाई इतकी हसली की शेडच्या बायका धावत आल्या. "माझी मोरी! अगं, माझ्या मोरीची भिंत खातायत ती माणसं! तीस वर्षं आंघोळीचं पाणी मुरलंय त्या विटांत!"

"मी त्यांना सांगितलं, या आमच्या मोरीच्या विटा आहेत. ऐकलंच नाही कोणी. मी पुरावा दाखवला आणि त्यांनी पुराव्याचीच पूजा केली." सुनेचे डोळे भरले होते.

"तू सांगत बसलीस हीच चूक," आत्याबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "शाळेतली पोरं गृहपाठ न करता आली तर तू त्यांना बाकावर उभं करतेस. यांना कोण उभं करणार? यांना तुझ्या तोंडून काही कळायचं नाही. त्याच्या तोंडून कळेल."

"तो कशाला सांगेल?"

"माझ्यावर सोड."

साहेब आला त्या दिवशी सगळी वस्ती दांड्यापाशी जमली. साहेबाने मोठा नकाशा उलगडला. वाऱ्याने तो त्याच्याच तोंडावर मारला. "तटीय गाळवहनाचा असमतोल..." असं काहीतरी तो नकाशाच्या मागून म्हणत होता. आत्याबाईला त्याचीही कीव आली. पगार घेऊन खरं सांगायचं आणि ते कोणालाच कळू नये असं सांगायचं, यालाही कसब लागतं.

मग बाबा उठला. "समुद्र जिवंत आहे! त्याच्या अंगात दगड खुपसाल? आईच्या पोटात खिळे ठोकाल? समुद्राला दगड खपत नाहीत, नाहीत, नाहीत!"

"नाहीत!" वस्ती ओरडली. बर्फवाल्याचा आवाज सगळ्यांत वर.

तेव्हा आत्याबाई पुढे आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती खुर्चीसमोर थांबली आणि सगळ्यांच्या देखत खाली बसून तिने बाबाच्या पायावर डोकं टेकलं. मुलाचा आ वासला. शेडमधली एक बाई रडायलाच लागली. आत्याबाईने आजवर डोकं फक्त उशीवर टेकलं होतं.

"महाराज, चुकले मी," ती म्हणाली. "घर आज रिकामं करते. पण तुमचा शब्द अर्धा पाळायचा नाही, पुरा पाळायचा."

"शाबास, माई," बाबा फुलला. "पुरा पाळायचा."

"समुद्राला दगड खपत नाहीत म्हणालात. मग नवे घालायचे नाहीत हे तर झालंच. पण जुने आहेत त्यांचं काय?" ती उठली आणि दांड्याकडे वळली. "एवढी मोठी रांग समुद्राच्या पोटात खुपसलेली आहे आणि आपण बघत बसलोय! उपटून काढा! आत्ता! मी पहारी आणल्यात."

हातगाडी तयारच होती. शेडच्या बायकांनी पहारी वाटल्या. बाबाचे तरणे भक्त तर अशा हुकमाची वाटच बघत असतात. "दर्याबाबा की जय!" म्हणत दहाबारा जण दांड्यावर चढले.

"थांबा," बाबा म्हणाला. हसला. "हा दांडा राहू द्या. तो माझ्या सहवासाने शुद्ध झालाय."

"अहो, असं कसं?" आत्याबाई म्हणाली. "तीनदा म्हणालात ना, खपत नाहीत, नाहीत, नाहीत! समुद्राचं दुखणं तुमच्या दारातच ठेवायचं? काढा रे पोरांनो, महाराज आपली परीक्षा बघतायत!"

"परीक्षा बघतायत!" पोरं ओरडली. किनाऱ्याकडच्या टोकाच्या पहिल्या दगडाखाली पहार शिरली. दगड हलला. पाणी भसकन फटीत घुसलं आणि मागची वाळू खळखळत तिच्यातून निसटायला लागली.

"अरे थांबा!" बाबा खुर्चीवरून उठला. चादर पायात अडकली. "मुळाचा दगड आहे तो! तो काढला की अख्खी रांग बसेल!"

"बसू दे!" आत्याबाई ओरडली. "ढकला!"

दगड गडगडत खाली गेला. वाळूचा एक अख्खा थर त्याच्या मागोमाग गेला आणि खुर्चीचा मागचा पाय खाली रुतला. मग बाबाच्या तोंडचं ध्यान सुटलं.

"गाढवांनो! त्या दांड्यामुळेच वाळू अडते! तो गेला तर सगळी वाहून जाईल खाली! या खुर्चीखाली काय राहील मग?"

पहारी थांबल्या.

वाऱ्याने फडफडणारा नकाशा साहेबाने छातीशी धरला आणि अगदी शाळकरी पोरासारखा म्हणाला, "बरोबर. मी मघापासून हेच सांगतोय."

"महाराज," सुनेने विचारलं, "कशामुळे अडते म्हणालात? मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही."

दांड्यावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतला एक खाली उतरला, पहार खांद्यावर घेऊन खुर्चीशी आला. "मुळाचा दगड म्हणजे काय, बाबा? ध्यानात दिसतो का तो?"

"मुळाचा दगड हा दगड रचणाऱ्यांचा शब्द आहे," साहेब म्हणाला. "आमच्या कामावरचे मुकादम म्हणतात."

"होतो मी मुकादम," बाबा शेवटी म्हणाला. पहारीकडे बघत. "दोन किनाऱ्यांवर दांडे रचलेत. उन्हात पाठ भाजून घेतली, कोणी हात जोडले नाहीत. इथे नुसता बसलो तर लोक पाया पडायला लागले. मी कोणाला बोलावलं होतं?"

"आणि माझं घर?" आत्याबाईने विचारलं. "ते तुला कोणी दाखवलं? ध्यानाने?"

बाबा पायात अडकलेली चादर सोडवायला लागला. घर खचतंय ते दांड्यामुळे, हे वस्तीत इतर कोणाला नसलं तरी त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने एका बाईवर पाप लादलं. कारण मान न वाकवणारं एक माणूस उरलं, तरी बाकीच्यांना शंका येते.

त्याला कोणी हात लावला नाही. आत्याबाईने लावू दिला नाही. "त्याला पोलिसांच्या हवाली करा, आणि मारामारीची हौस असेल तर आधी आरशासमोर जाऊन स्वतःला एक एक ठेवून द्या," ती म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "आणि माझी मोरी ज्यांनी पोटात घेतलीय, त्यांनी दवाखान्यात जाऊन या."

सुनेने मग वाळूत बोटाने रेघा ओढून सगळं सांगितलं. तिरकी लाट, सरळ परतणं, दांड्याशी अडणं. साहेबाने पहिल्यांदाच नकाशा मिटून ठेवला आणि तिच्या रेघांकडे बोट दाखवून बोलला. एक दांडा घालून सोडून दिला ही खात्याची चूक, हेही त्याने कबूल केलं. दांड्यांची रांग हवी, मधल्या जागी बाहेरून आणलेली वाळू भरायला हवी, म्हणजे अडवायला वाळू कमी पडणार नाही.

"आणि शेवटच्या दांड्याच्या खाली जे गाव आहे, त्यांचं काय?" आत्याबाईने विचारलं. "आमची शिवण तिथे थांबणार, म्हणजे त्यांचं अंगण जाणार. उद्या तिथे कोणीतरी खुर्ची टाकून बसेल आणि त्यांना पापी म्हणेल. मला ते चालणार नाही."

साहेब तिच्याकडे बघतच राहिला. शेवटच्या दांड्याच्या पलीकडेही दर वर्षी वाळू टाकायची, हे त्याने तिथल्या तिथे लिहून घेतलं. मग हात वर झाले. पहिला हात बर्फवाल्याचा. "मला आधीपासूनच शंका होती," तो शेजाऱ्याला सांगत होता. अशी माणसं कुठेही बुडत नाहीत. आत काही नसलं की तरंगायला सोपं जातं.

दांडे व्हायच्या आधी आत्याबाईची मागची खोली गेलीच. सामान काढायला अख्खी वस्ती आली, मान खाली घालून. शेड वाचली, स्वयंपाकघर वाचलं, पुढची ओसरी वाचली. आता पाणी ओसरीपासून लांब असतं आणि मधल्या वाळूत जाळी वाळतात.

"आई, तू त्याच्या पाया पडलीस," मुलगा अजून अधूनमधून म्हणतो. त्याला ते पचलेलं नाही.

"घर वाचत असेल तर मी दगडाच्याही पाया पडेन," आत्याबाई सांगते. "दगड निदान वाळू तरी अडवतो."

शाळेची पोरं शेडमध्ये येतात तेव्हा ती त्यांना दांड्यावर उभी करते आणि आधी भरलेली बाजू दाखवते. पोरं म्हणतात, वा. मग ती त्यांना खांद्याला धरून वळवते आणि जिथे तिची मागची खोली होती ती जागा दाखवते. "कोणी म्हणालं ना, बघा माझ्या पायाशी काय चमत्कार झाला, तर त्याच्या पायाकडे बघत बसू नका. उठा, आणि पलीकडे जाऊन बघा. इथे जे वाढलं ते कुठून तरी आलंय. कसं आलं ते विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याला उत्तर ठाऊक असतं."